मी हलले नाही, आकाश हललं

मी एक जुनी लाकडी तिपाई आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करायला धावू नका, मित्रांनो. माझे तिन्ही पाय अजून शाबूत आहेत, एकाही सांध्यात खुळखुळ नाही, आणि मला अडगळीत टाकायची भाषा ज्यांनी केली त्यांच्यातल्या दोघांचे गुडघे माझ्याआधी गेले.

फोटो काढताना कॅमेरा ज्यावर बसवतात ती मी. बाजारात मला स्टँड म्हणतात, पण या घरात पहिल्यापासून माझं नाव तिपाई. कॅमेऱ्याला सगळं गाव ओळखतं. फोटो चांगला आला की लोक म्हणतात, काय कॅमेरा आहे. फोटो हलला की म्हणतात, त्या तिपाईकडे बघा जरा. चांगलं ते त्याचं आणि वाईट ते माझं. तुमच्या घरातही असं कुणीतरी असेल. त्यांना विचारा, मी काय म्हणते ते कळेल.

मला घडवून घेतलं ते फोटोवाल्या बाईंनी. बाई शाळेत फार गेल्या नव्हत्या. सही करायच्या तीसुद्धा वीट रचल्यासारखी, एकेक अक्षर ठेवून. नवरा लवकर गेला आणि मागे एक भात्याचा मोठा कॅमेरा, फोटो धुवायची एक अंधारी खोली आणि रांगणारं मूल राहिलं. लोक म्हणाले, कॅमेरा विकून टाका, बाईमाणसाचं काम नव्हे. बाई म्हणाल्या, "मी तुमच्या घरी येऊन काय विकायचं ते सांगते का?" आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओचं दार उघडलं.

त्यांची आधीची तिपाई बाजारची होती, हलक्या लाकडाची. रस्त्यावरून गाडी गेली तरी थरथरायची. एकदा एका मुख्याध्यापकांचा फोटो असा आला की साहेबांना दोन नाकं. ते तणतणत आले. बाई म्हणाल्या, "एक तुम्ही घेऊन जा, एक मी ठेवते." गिऱ्हाईक गेल्यावर मात्र त्यांनी ती तिपाई चुलीत घातली आणि सुताराला बोलावलं.

सुताराने एका जुन्या दाराच्या चौकटीचं लाकूड वापरून मला केलं. पायांना लोखंडी टोकं, सांध्यांना पितळी स्क्रू, आणि पाय फाकू नयेत म्हणून मध्ये साखळी. बाईंनी मला स्टुडिओच्या मधोमध उभं केलं, डोक्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि सुताराला म्हणाल्या, "आता उडी मार."

"कुठं?"

"इथंच, जमिनीवर. माझ्या डोक्यावर मार म्हटलं नाही."

त्याने उडी मारली. पाणी सांडलं. मला परत नेलं, सांधे उकलून पुन्हा बसवले. दुसऱ्या खेपेलाही दोन थेंब सांडलेच. तिसऱ्या खेपेला पाणी नुसतं शहारलं. बाईंनी पेला उचलला आणि ते पाणी पिऊन टाकलं. सुताराला समजेना की काम पसंत पडलं की नाही. मला समजलं. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

मग पंचवीस वर्षं मी उभी राहिले. समोर न्यायाधीश बसले, हमाल बसले, नवे नवरे आणि नव्या नवऱ्या बसल्या, परीक्षेच्या फॉर्मसाठी कोरडे पडलेले चेहरे बसले. बाई काळ्या कापडात डोकं घालायच्या आणि आतून ओरडायच्या, "श्वास धरा. मी सांगेपर्यंत मेलात तरी हलायचं नाही." न्यायाधीशसुद्धा श्वास धरायचे. सगळे तेवढ्यापुरते धरायचे, मी दिवसभर. पण माझं कौतुक कोण करणार? बाईच काय त्या करायच्या, तेही त्यांच्या पद्धतीने. रात्री दुकान बंद करताना माझ्या डोक्यावर दोन थापा मारून दिवा घालवायच्या.

पुढे त्यांचा मुलगा मोठा झाला आणि स्टुडिओत उभा राहायला लागला. मी त्याला चिरंजीव म्हणते. माणूस वाईट नाही, पण नव्या वस्तूचा सोस. त्याने चकचकीत, हलकी, घडी घालून बगलेत मारता येते अशी अॅल्युमिनियमची तिपाई आणली. मला डार्करूमच्या कोपऱ्यात नेलं. फोटो धुऊन झाले की ओले टॉवेल माझ्यावर वाळत पडायचे. ज्या डोक्यावर पाण्याचा पेला हलला नाही त्या डोक्यावर टॉवेल. असो.

चिरंजीवांचं लग्न झालं, सूनबाई आल्या. त्यांचा हात फार नाजूक. टचिंगचं काम त्यांनी हाती घेतलं. टचिंग म्हणजे काय ते सांगते. निगेटिव्ह, म्हणजे पांढऱ्याचं काळं दिसणारी फिल्म, खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवायची, भिंग लावायचं, आणि बारीक सुरीने, टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, फिल्मवरचे ओरखडे, कपाळावर आलेले चुकार केस एकेक करून नाहीसे करायचे. सूनबाईंच्या हातून गेलेली नवरी आरशापेक्षा बरी दिसायची. बाई त्यांच्या कामाला कधी चांगलं म्हणाल्या नाहीत, पण दुसऱ्या कुणाला ते काम करूही दिलं नाही.

आणि मग एक दिवस बाई डार्करूमच्या पायरीवरून घसरल्या. मी तिथेच कोपऱ्यात होते. हात असते तर धरलं असतं. मांडीचं हाड मोडलं. आत पट्टी घालून ते जोडलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने झोपून. महिन्याभराने आधार घेऊन पाचेक मिनिटं उभं राहायला हरकत नाही, पण पाऊल टाकायचं नाही आणि जिन्याचं नाव काढायचं नाही.

बाईंची खाट मागच्या खोलीत होती. त्या खोलीला एकच खिडकी, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या शिंप्याची भिंत. ज्या बाईने अख्ख्या गावाचे चेहरे पाहिले, तिला आता विटा दिसत होत्या. एकदा त्या सूनबाईंना म्हणाल्या, "त्या भिंतीत एकशे चौदा विटा आहेत. वरून तिसरी चिरलेली आहे. शिंप्याला सांग."

अशा दिवसांत, महिना उलटल्यावर, धूमकेतू आला.

बातमी शिंप्यानेच आणली. तो रोज संध्याकाळी बाईंची खुशाली विचारायला यायचा. त्या दिवशी दारातूनच म्हणाला, "बाई, आकाशात काय उगवलंय ते पाहिलंत का? शेपटी आहे त्याला. दिवा लावल्यासारखा दिसतोय. अख्खा रस्ता गच्चीवर गेलाय."

"मी कुठून पाहू? तुझ्या भिंतीतून?"

शिंपी ओशाळला. चिरंजीव म्हणाले, "आई, तुला उचलून वर नेऊ. दोघं मिळून."

"मी काय पोतं आहे का? आणि डॉक्टरने जिना नको म्हटलंय ते तुझ्या कानावर आलं नाही वाटतं." मग भिंतीकडे तोंड करून, "फोटोग्राफरच्या घरात जन्मलास ना? फोटो काढून आण. मी बघेन."

"आणतो."

"आणि ती चमचमती काडी नेऊ नकोस. गच्चीवर वारा असतो. माझी तिपाई काढ."

मित्रांनो, पंधरा वर्षांनी माझ्यावरचा टॉवेल निघाला. चिरंजीवांनी मला पुसलं, स्क्रूंना तेल लावलं, भात्याचा कॅमेरा माझ्यावर चढवला आणि मला गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं.

सूर्य नुकताच बुडाला होता. आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसंच माणसं, पण आवाज असा नाहीच. एरवी एकमेकांच्या गच्चीवर कचरा टाकण्यावरून भांडणारी माणसं गप उभी होती. मी आयुष्यभर एका खोलीत राहिलेली. माझ्या समोर जास्तीत जास्त काय असायचं, तर रंगवलेला पडदा आणि त्याच्यापुढे माणूस. समोर एवढं मोठं, मागे पडदाच नाही असं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं.

आधी एक पिवळसर ठिपका दिसला. मग आकाश जसं काळवंडत गेलं तशी त्या ठिपक्यातून वर शेपूट फुटत गेली. आधी वीतभर, मग हातभर, मग इतकी की बघणाऱ्यांच्या माना मागे गेल्या. रंग नाही, आवाज नाही, हालचाल नाही. नुसता उजेड, उसवलेल्या रेशमासारखा, एका बाजूला जरा वाऱ्यावर गेल्यासारखा. ज्या वस्तूला कुणी धरलेलं नाही, टांगलेलं नाही, खालून कशाचा टेकू नाही, ती इतकी स्थिर कशी उभी राहते, हे मी बघत राहिले. उभं राहण्याचा मला केवढा गर्व होता. त्या क्षणी तो कुठे ठेवावा मला कळेना.

चिरंजीवांनी भिंगाचं झाकण काढलं आणि घड्याळ धरून दोन मिनिटं थांबले. मी तर अशी उभी राहिले की माझ्यावर पाण्याचे दहा पेले ठेवले असते तरी चाललं असतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी फिल्म धुतली आणि दोरीवर वाळत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर त्यांना एका शाळेत वर्गांचे फोटो काढायला जायचं होतं. जाताना निगेटिव्ह टचिंगच्या डेस्कवर ठेवली आणि वर चिठ्ठी: "धूमकेतू आहे. आईसाठी. नीट करून ठेव."

सूनबाईंनी नीट केलं.

त्यांचा दोष काय म्हणायचा? त्या संध्याकाळी त्या गच्चीवर आल्याच नव्हत्या, सासूला एकटं टाकून कशा येणार? बारा वर्षं त्यांनी निगेटिव्हवर एकच काम केलेलं. त्यांना मधोमध धूमकेतू दिसला, आणि त्याच्या चहूबाजूंना बारीक, काळे, तिरपे ओरखडे. फिल्म चढवताना कुठेतरी घासली असणार, दुसरं काय? त्यांनी सुरी घेतली आणि एकेक ओरखडा खरवडून काढला. मग धूमकेतूकडे वळल्या. शेपटीच्या कडा विस्कटलेल्या होत्या, जसे नवरीच्या कानामागचे केस सुटतात. त्याही नीट केल्या. संध्याकाळपर्यंत मान मोडली, पण मोठा प्रिंट काढून, सुकवून, पुठ्ठ्यावर चिकटवून तयार.

चिरंजीव आले, प्रिंट न बघताच म्हणाले, "चल, आईला देऊ." शिंपीही आला होता. मी दाराशीच भिंतीला टेकून होते, त्यामुळे सगळं पाहिलं.

बाईंनी चष्मा चढवला. प्रिंट जवळ धरला, लांब धरला. मग विचारलं, "हा मुळा कुणी काढला?"

शिंप्याने मान लांब करून बघितलं.

"आई, धूमकेतू आहे तो," चिरंजीव म्हणाले.

"हा? सगळा गाव मान वर करून याला बघतोय?"

चिरंजीवांनी प्रिंट हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. काळ्याभोर कागदावर एक पांढरा, गुळगुळीत, टोकदार मुळा. आजूबाजूला काही म्हणजे काही नाही. "अगं, तारे कुठं गेले?"

"कुठले तारे?" सूनबाई म्हणाल्या.

"भरपूर होते. सगळं आकाश भरलं होतं."

"तारे ठिपके असतात. हे ओरखडे होते. लांबट, तिरपे. मी काढले सगळे. बहात्तर होते."

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. शिंपी म्हणाला, "वहिनी, तुम्ही बहात्तर तारे पुसलेत." सूनबाई एकदम पांढऱ्या पडल्या. निगेटिव्हवरून खरवडलेलं परत येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

मग चिरंजीव काय म्हणाले असतील? म्हणाले, "पण तारे लांबट आले कसे? तिपाई हलली असणार. म्हातारी झालीय ती."

मी. हलले. मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं तर त्या घरात आणखी एक भांडण झालं असतं. पण माझ्या वाटचं बाई बोलल्या.

"सूनबाई, ओरखडे कसे होते? वेडेवाकडे?"

"नाही आई. सरळ. सगळे सारखे, सगळे एकाच बाजूला कललेले."

"मग तिपाई हलली नाही. तिपाई हलली की रेघ कापते, दुहेरी येते. हललेले फोटो मी चाळीस वर्षं फाडलेत, मला शिकवू नका. सरळ रेघ म्हणजे तिपाई जागच्या जागी आणि समोरचं गिऱ्हाईक हललं."

"समोर आकाश होतं, आई."

"मग आकाश हललं."

शिंपी हसायला लागला, पण चिरंजीव हसले नाहीत. ते खाटेच्या कडेवर बसले आणि सावकाश म्हणाले, "दोन मिनिटं उघडं ठेवलं होतं. दोन मिनिटांत तारे मावळतीकडे सरकले. तेवढंच फिल्मवर उतरलं." आपल्या आईकडे ते असे बघत होते जसं काही तीच आकाश सरकवून आलीय.

पुढे कुणीतरी मला ऐकू जाईल असं सांगितलं की फिरते ती पृथ्वी, आकाश नव्हे. म्हणजे घर, गच्ची, बाईंची खाट, शिंप्याची भिंत आणि मी, सगळे मिळून फिरत होतो. बरं. पण सगळ्यांनी मिळून केलं त्याला एकट्या तिपाईचं हलणं म्हणत नाहीत. ते ऐकलं त्या रात्री मात्र मला झोप नव्हती. मी जिच्यावर पाय रोवून आयुष्यभर गर्वाने उभी राहिले ती जमीनच कुठेतरी चाललेली आहे, आणि तरी पेल्यातलं पाणी सांडत नाही. हे कुणी बांधलं असेल, असा सुतार कुठला असेल, असं सारखं मनात येत राहिलं.

दुसरा फोटो काढायचा म्हणून चिरंजीव सज्ज झाले, तर ढग आले. एक दिवस ढग, दोन दिवस ढग, चार दिवस ढग. या चार दिवसांत बाईंनी कुणाला बोल लावला नाही. चहा गार झाला तरी पिऊन टाकला. सूनबाईंनी मुद्दाम उशीची खोळ उलटी घातली, तरी काही नाही. सूनबाई स्वयंपाकघरात येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आई मला चार दिवसांत एकदाही मूर्ख म्हणाल्या नाहीत. मला भीती वाटते."

मलाही वाटत होती. बाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. विटा मोजणंही त्यांनी सोडलं होतं. वय, मोडलेलं हाड, यांनी न झुकलेलं माणूस एका गोष्टीने झुकत होतं. वरती सगळ्या जगाला दिसावं असं काहीतरी उभं होतं आणि आपल्याला ते दिसणार नव्हतं, आणि मला न्या असं म्हणायला जीभ वळत नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारनंतर वारा सुटला आणि ढग फाटले. शिंपी पेपर घेऊन आला. "आजची संध्याकाळ शेवटची. रोज खाली खाली जातोय तो. उद्यापासून सूर्याबरोबरच बुडणार म्हणे. परत येणार तो हजारो वर्षांनी."

"मग मी थांबत नाही," बाई म्हणाल्या.

चिरंजीवांची धावपळ सुरू झाली. कॅमेरा माझ्यावर चढवला, फिल्म भरली, मला जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवलं. आईच्या दारात येऊन म्हणाले, "या वेळी थोडकेच सेकंद उघडं ठेवतो. तारे ठिपक्यासारखे येतील. तुला अगदी खरा दाखवतो."

"जा मग. अंधार तुझ्यासाठी थांबणार नाही."

तेवढ्यात सूनबाई आल्या. काही न बोलता त्यांनी माझ्या डोक्याखालचा मोठा स्क्रू फिरवायला सुरुवात केली आणि कॅमेरा काढून खाली पायरीवर ठेवला.

"अगं, काय करतेस? वेळ नाही आता."

"म्हणूनच. तुम्ही फोटो काढाल, धुवाल, मी त्याला बोट लावणार नाही. तरी आई शेवटी काय बघणार? कागद. एक पाहिलाय त्यांनी कागद." आणि त्या आत गेल्या. "आई, उचलू का?"

"मी पोतं आहे का, असं एकदा विचारलं होतं मी."

"पोतं असतात तर केव्हाच वर नेलं असतं. पोतं नको म्हणत नाही."

 शिंप्याने नजर छताला लावली. बाईंनी सुनेकडे टक लावून पाहिलं आणि मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "ही जीभ कुणाकडून शिकलीस?"

"बारा वर्षं शिकवणी चालू आहे."

"पाय पुन्हा मोडला तर?" चिरंजीव म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

बाईंनी पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मोडला तर झोपून राहीन. आत्ता काय नाचतेय? हातवाली खुर्ची आण. आणि जपून. मी गिऱ्हाईक आहे असं समज."

स्टुडिओतली खुर्ची आली, जिच्यावर न्यायाधीश बसायचे ती. बाईंना तिच्यात बसवलं, मोडलेला पाय उशीवर सरळ ठेवून पट्ट्याने बांधला. पुढून शिंपी, मागून चिरंजीव, बाजूला पाय सांभाळत सूनबाई, आणि त्यांच्या खांद्यावर मी. अठरा पायऱ्या. बाई सबंध जिना सूचना देत होत्या. "डावीकडे घ्या. शिंप्या, डावं म्हणजे सुईचा हात नव्हे, दुसरा." शिंपी म्हणाला, "बाई, बोलू नका, तुमचं वजन वाढतं." मधल्या वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला, सगळे क्षणभर लटकले, बाईंच्या तोंडून वेदनेचा एक बारीक आवाज निघाला. चिरंजीव थांबले. "चल," बाई म्हणाल्या, "थांबलास कशाला? दुखायचं ते दुखून झालं."

वर आलो. खुर्ची टेकवली. आणि गच्चीचा कठडा आडवा आला. धूमकेतू आता इतका खाली उतरला होता की बसलेल्या माणसाला कठड्यावरून डोकं दिसतच नव्हतं, नुसती वरची शेपूट, तीही मावळतीच्या उजेडात फिकट. बाईंनी मान ताणली. "हे? एवढ्यासाठी मला जिन्यात आपटत आणलंत?" पण त्या शब्दांत जोर नव्हता.

सूनबाईंनी मला खुर्चीपुढे उभं केलं. माझे पाय कमरेच्या उंचीइतके आखडले, तिन्ही स्क्रू दोन्ही हातांनी आवळले, साखळी ताणली. एका पायाला स्वतःचं पाऊल लावलं, दुसऱ्याला शिंप्याने लावलं. "आई, हिला धरा. डॉक्टर पाच मिनिटं म्हणालेत."

दोन्ही बाजूंनी मुलाने आणि सुनेने काखेत हात घातले, आणि बाई उठल्या. सगळा भार चांगल्या पायावर आणि माझ्यावर. ज्या पितळी तबकडीवर आयुष्यभर कॅमेरा बसला तिच्यावर त्यांचे दोन्ही तळवे आले. कॅमेऱ्याचं वजन मला पाठ होतं. हे वजन निराळं होतं. ते थरथरत होतं, त्याच्यात नाडी उडत होती. मला एकच भीती, माझा एखादा सांधा करकरला तर. मी माझं सगळं लाकूड एकत्र केलं आणि उभी राहिले.

बाईंनी मान वर केली.

समोर छपरांच्या रांगेवर, निळ्याचा काळा होत चाललेल्या आकाशात तो होता. डोकं खाली, जवळजवळ घरांना टेकलेलं, सोन्याच्या थेंबासारखं. आणि त्यातून वर, सरळ वर, अर्ध्या आकाशापर्यंत ती शेपूट. चार दिवसांत ती वाढली होती. कडा विस्कटलेल्या होत्या, कुठे दाट, कुठे इतक्या विरळ की मागचे तारे तिच्यातून दिसत होते. आजूबाजूच्या गच्च्यांवर कुणाचं तरी बाळ रडत होतं ते गप्प झालं.

  बाईंच्या तळव्यांतली थरथर हळूहळू थांबली.

मग त्या म्हणाल्या, "तोंड खाली, केस वर. मी असं कुणाला बसवलं असतं तर भांडायला आला असता."  मग सुनेला, "सूनबाई, किती पुसले होतेस म्हणालीस?"

"बहात्तर, आई."

"आता मोज."

सूनबाई मोजायला लागल्या. त्यांनीही धूमकेतू पहिल्यांदाच पाहिला होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. चार, पाच, शेपटीच्या आत एक, सहा. आकाश काळं होत होतं तसे तारे वाढत होते. तेवीसपर्यंत गेल्या आणि डोळे भरून आल्याने पुढचे तारे दिसेनात. बाईंनी एक हात माझ्यावरून उचलून सुनेच्या हातावर ठेवला. "राहू दे. आहेत सगळे."

"पाच मिनिटं झाली," चिरंजीव म्हणाले.

"गप्प बस."

धूमकेतूचं डोकं छपरांना टेकलं, त्यामागे गेलं. मला वाटलं संपलं. पण शेपूट गेली नाही. डोकं दिसेनासं झाल्यावरही ती घरांच्या वर उभीच होती, कुणी खाली धरून ठेवल्यासारखी, आणि एकेक बोट करत खाली ओढली जात होती. तिची चार बोटं छपरांआड जाईपर्यंत बाई उभ्या राहिल्या. मला विचाराल तर वीस मिनिटं. माझा एक सांधासुद्धा करकरला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, पाय तपासला, हाड जागेवर होतं. पण जिन्याची गोष्ट कळल्यावर ते रागावले. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही पाहिलात का तो?"

"मी दवाखान्यात होतो. वेळ कुठला?"

"मग तुम्ही बोलू नका," बाई म्हणाल्या, आणि त्यांना चहा पाजून पाठवलं.

बाई पुढे सात वर्षं जगल्या. हाड जुळल्यावर काठी घेऊन स्टुडिओत येऊन बसायच्या. त्या शेवटच्या संध्याकाळचा फोटो कुणाकडेच नाही, कॅमेरा जिन्याच्या पायरीवर बसून राहिला होता. तो मुळ्याचा फोटो मात्र बाईंनी हट्टाने स्टुडिओत लावला. कुणी विचारलं की म्हणायच्या, "हा चुकीचा आहे." आणि मग खरा कसा होता ते सांगायला बसायच्या. गिऱ्हाईक ताटकळायचं.

आता स्टुडिओत हातातल्या फोनवर फोटो काढणारी माणसं येतात. मी परत कोपऱ्यात आहे, आणि हो, टॉवेल परत आलेत. माझी तक्रार नाही, पण मागणं आहे, मित्रांनो, आणि ते मी स्पष्टच सांगते. लाकडाला ओल लागू देऊ नका, स्क्रूंना वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या. आमच्यासारख्यांना फार लागत नाही. आणि तुमच्या घरात मागच्या खोलीत कुणी पडून असेल, बाहेरचं काही त्यांना दिसत नसेल, तर त्यांच्यासाठी नुसतं चित्र घेऊन जाऊ नका. खुर्ची आणा, दोन माणसं गोळा करा. ती माणसं नको म्हणतील. रागावतील, टाकून बोलतील, पोतं समजलात का म्हणून विचारतील. तुम्ही उचला.